गोताडभाऊंचा होकार

गोताडभाऊंना नीट ऐकू येत नाही हे मला कळायला दोन महिने लागले. बाकीच्यांना ते कधी कळलंच नाही. कळलं असतं तर पुढचं सगळं कदाचित वेगळं झालं असतं. ठाऊक असलेलं माणूस मी एकटीच होते, म्हणून हे लिहायचं तर मलाच लिहायला हवं.

मालगुंडच्या वर कातळावर एका मुंबईच्या मालकाने पर्यटकांसाठी खेळांची जागा काढली होती. दोरीवरून घसरायचं, जाळीवर चढायचं, आणि सगळ्यांत जास्त गर्दी पेंटबॉलला. दोन गट पाडायचे, तोंडावर मुखवटे चढवायचे, पिंपं आणि टायरांच्या आड लपून रंगाच्या गोळ्या एकमेकांवर झाडायच्या. गोळी अंगावर फुटली की रंगाचा डाग पडतो आणि तो गडी बाद. बंदुकीला मागे गॅसची लहानशी बाटली असते, तिच्या दाबाने गोळी सुटते. मी काउंटरवर बसायची. नावं लिहायची, मुखवटे द्यायचे, कोणत्या नंबरची बंदूक बाहेर गेली ते रजिस्टरात टिपायचं, एवढं माझं काम.

बंदुका बारा होत्या. मालकाने त्या कुठून तरी वापरलेल्या आणल्या होत्या आणि आमच्या खाऱ्या वाऱ्याने त्या आणखी म्हाताऱ्या केल्या. पहिला पावसाळा सरला तेव्हा बारांपैकी पाच चालत होत्या. सुर्वे आमचे मॅनेजर. त्यांनी रत्नागिरीत सायकलवाल्यापासून शिलाई मशीनवाल्यापर्यंत सगळ्यांना त्या दाखवल्या. प्रत्येकाने एखादा स्क्रू जास्तच काढून ठेवला. मग कोणीतरी सांगितलं, पालीच्या आतल्या अंगाला एका वाडीत एक गृहस्थ आहेत, मुंबईत तीस वर्षं कंप्रेसरच्या कारखान्यात फिटर होते, हवेचं काम त्यांच्याइतकं कोणाला येत नाही.

असे शांताराम गोताड आमच्याकडे आले. उंच, खांद्यात वाकलेले, धुतलेल्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दोन घड्या वर. खिशात लोक पेन लावतात तिथे त्यांचा एक लांब, बारीक स्क्रूड्रायव्हर. मागच्या शेडमध्ये त्यांना टेबल दिलं. ते त्यांनी पहिल्याच दिवशी फिरवून घेतलं, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. त्या टेबलावर रोज सकाळी वर्तमानपत्र पसरायचे आणि बंदूक खोलली की एकेक भाग निघेल त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडत जायचे. कोणी टेबलाला नुसता हात लावला तरी मान वर करून बघायचे. रागावून नाही. भाताच्या खळ्यावर कोंबडी आल्यासारखं बघायचे.

त्यांची आणखी एक सवय होती. समोरचा बोलायला लागला की ते त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. आम्हां बायकांना सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं. सुर्वे तर उघड म्हणायचे, "म्हातारा रंगेल आहे हो, बायकांच्या ओठांवरून नजर हलत नाही." आणि काहीही विचारलं की उत्तर एकच, हो. जेवलात का? हो. चहा घेणार? हो. सहा नंबर झाली का? हो. एकदा सुर्व्यांनी गंमत म्हणून विचारलं, "गोताडभाऊ, लग्न करायचं का पुन्हा?" त्यालाही मान हलवून "हो" म्हणाले. सगळे हसले. भाऊही हसले, कारण सगळे हसत होते.

माझ्या लक्षात आलं ते एका दुपारी. कातळ तापला होता आणि भरलेल्या बाटल्यांपैकी एक बाटली उन्हात राहून गेली होती. भाऊंच्या मागच्या उघड्या खिडकीशेजारी, दाब वाढून, तिच्या तोंडावरची चकती फुटली. एवढा मोठा आवाज झाला की मी काउंटरखाली बसले, जाळीवरची माणसं ओरडली, सुर्व्यांच्या हातातला कप पडला. मी धावत शेडमध्ये गेले. गोताडभाऊ मान खाली घालून एक बारीक रिंग खाचेत बसवत होते. बोटाने ती दाबून घेतली, अंगठा फिरवून बघितला. मग दारात माझी सावली पडली तेव्हा त्यांनी मान वर केली. माझं तोंड बघून त्यांना कळलं की काहीतरी झालंय, आणि मलाही कळलं.

"भाऊ," मी म्हटलं, "तुम्हांला ऐकू नाही येत?"

त्या एका प्रश्नाला ते "हो" म्हणाले नाहीत. हळूच म्हणाले, "डाव्या कानात थोडा येतो. माणूस समोर आसला, तोंड दिसलं, तर कळतं. तीस वर्सं कंप्रेसरच्या पोटात काढली ना, बाय. कान तिथंच ठेवून आलो." मग इकडेतिकडे बघून, "कोनाला सांगू नको. बहिऱ्या मानसाला बंदुका कोन देनार?"

मी शब्द दिला. पुढे तो शब्द मी फार कामाला लावला. गप्प राहण्याला माणसाला काहीतरी सबब लागते.

त्यांना ऐकू येत नसताना गळती सापडायची कशी, हे मी त्यानंतर मुद्दाम बघितलं. गॅसची गळती म्हणजे नुसती फुसफुस असते, लोक कान लावून ती शोधतात. भाऊ खालचा ओठ जिभेने ओला करायचे आणि बंदूक तोंडाजवळ धरून हळूहळू फिरवायचे, मूल झोपवताना त्याचा श्वास बघावा तशी. ओठ गार पडला की थांबायचे. "हितं," म्हणायचे. साबणाचं पाणी लावून बघितलं तर बुडबुडा बरोबर तिथेच.

एकदा चार नंबरच्या नळीच्या तोंडातून गॅस सुटत होता. सुर्वे म्हणाले नळीच बदलू. भाऊंनी मला समोर बसवून घेतलं. मला त्यातलं काही कळणार नव्हतं, पण समोर बसून नीट तोंड उघडून बोलणारं त्या जागेत दुसरं कोणी नव्हतं.

"नळीतून येतो म्हनून नळी वाईट नसते," ते म्हणाले. "नळ गळतो तवा तोटीतून गळतो, पन बिघाड आतल्या वायसरात. तसंच हाय हे."

आधी बाटली काढली. मग बंदूक जमिनीकडे धरून दोनदा चाप ओढला. आत राहिलेला गॅस फट्‌ करून निघून गेला. हे केल्याशिवाय ते कधीही स्क्रूला हात लावत नसत. मागची पिन काढली, स्प्रिंग, हॅमर, बोल्ट असे सगळे वर्तमानपत्रावर आले. तळाचा एक स्क्रू सोडला आणि टेबलाच्या खणातून पोफळीच्या लाकडाची तासून गोल केलेली काडी काढली. तिने मागून हलकेच ठोकलं की पितळी झडप पुढून हातात आली. लोखंडाने ठोकलं तर आत ओरखडा पडतो आणि मग ती बंदूक जन्मभर गळते, असं त्यांचं म्हणणं. झडपेच्या आत एक दांडी, दांडीच्या डोक्यावर पांढरी टोपी. ती टोपी पितळेच्या काठावर घट्ट बसते, म्हणून गॅस थांबतो. भाऊंनी ती टोपी नखावर धरून उजेडात फिरवली. काठाचा गोल ठसा उमटला होता आणि त्या गोलात एका ठिकाणी वाळूचा कण रुतला होता.

"येवडासा," ते म्हणाले. "येवड्याशासाठी बाटलीच्या बाटली रिकामी."

नवीन टोपी घातली, रिंगांना चिकट पांढरं वंगण लावलं, आणि झडप परत सारताना तिचं भोक वर आलंय का ते तीनतीनदा बघितलं. सुर्वे एकदा त्यांना खोबरेल लावा म्हणाले होते. भाऊ म्हणाले, "गॅस सुटला की आत हिव पडतं. खोबरेल थिजंल तिथं." त्या दिवशी त्यांना ते ऐकू आलं होतं, सुर्वे समोर उभे होते.

मालक सुटे भाग नेटवरून मागवायचे, जिथे मिळतील तिथून, येतील तसे. रिंगांची एक पिशवी आली, काळ्या, मऊ. आठ दिवसांत त्या गॅस पिऊन फुगल्या आणि खाचेतून वर आल्या. गोताडभाऊ त्यांतली एक रुमालात बांधून घेऊन रविवारी स्वतःच्या पायाने मिरकरवाड्याला गेले. होड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग ठेवणाऱ्या एका दुकानात त्यांनी अख्खी सकाळ काढली. दुकानदार बोलायचा, हे मान हलवायचे. शेवटी हव्या त्या मापाच्या, कडक, पिवळट रिंगा घेऊन आले. सोमवारी मला म्हणाले, "तो काय बोलत व्हता ते कायच कळलं नाय. पन रिंग बोटाला कळते."

बंदुकीचा जोर मोजायला एक लहान यंत्र होतं, त्यावर आकडा उमटायचा. ठरलेल्या आकड्याच्या वर गोळी गेली की ती नुसता डाग पाडत नाही, मार देते. रोज सकाळी भाऊ बाराच्या बारा बंदुकांच्या पाच पाच गोळ्या त्या यंत्रावरून सोडायचे. एकदा घाटावरून एक मोठा गट आला होता, कुठल्याशा कंपनीचे लोक. त्यांतला एक तगडा साहेब शेडमध्ये शिरला आणि म्हणाला, "काका, जरा जोर वाढवा ना. लागल्यासारखं वाटायला पाहिजे." भाऊंनी त्याच्या ओठांवरून ते नीट वाचलं आणि म्हणाले, "लागल्यासारखं वाटायला पाह्यजे तर त्या दगडी गडग्यावर डोकं आपटा." साहेब भडकला. सुर्वे धावत आले, माफी मागा म्हणाले. भाऊंनी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि घरी जायला निघाले. मालकांच्या फोननंतर त्यांना बसस्टॉपवरून परत आणलं. हे मी सांगते कारण पुढे जेव्हा लोक म्हणाले की म्हातारा निष्काळजी होता, तेव्हा मला सगळ्यात आधी हे आठवलं, आणि तरीही मी काही बोलले नाही.

सात नंबरची झडप दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर गेली. पितळेलाच चीर पडली होती. नेटवरून अख्खा नवा संच आला. भाऊंनी बसवला, गळती थांबली, बंदूक चालली. पण यंत्रावर धरली की तीन गोळ्या बरोबर जायच्या आणि एखादी अशी काही सुटायची की आकडा बघून ते स्वतःच मागे सरकायचे. दोन दिवस ते त्या एकाच बंदुकीला बसून होते. दांडी बारीक पॉलिश पेपरने घासली, खाच साफ केली, दुसऱ्या बंदुकीची स्प्रिंग घालून बघितली, ती मापाला बसेना.

"ही स्प्रिंग नरम हाय," त्यांनी मला दाखवलं. "झडप उघडते बरोबर, मिटताना अडकते. अडकली की जास्त गॅस जातो. कवा अडकंल ते सांगता येत नाय. रोज अडकती तर बरं झालं असतं."

योग्य स्प्रिंग हवी म्हणून त्यांनी सुर्व्यांना सांगितलं. सुर्वे म्हणाले मागवली आहे. ती शेवटपर्यंत आली नाही. भाऊंनी सात नंबरच्या चापाला लाल फडक्याची गाठ मारली, ती सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आणि माझ्याकडून रजिस्टर मागून घेऊन आपल्या ठळक, शाळकरी अक्षरात लिहिलं, "सात नंबर बंद. झडप अडकते. कोणाला देऊ नये. शां. गो."

डिसेंबरात सहली सुरू झाल्या. त्या दिवशी एका कॉलेजची बस आली होती, मुलंमुली मिळून सहा सहांचे गट. अकरा बंदुका मांडल्या होत्या, एक कमी पडत होती. गोताडभाऊ मागच्या बाजूला बाटल्या भरत होते. सुर्व्यांनी वरच्या फळीवरून सात नंबर काढली, फडकं सोडलं, भिंतीकडे एक गोळी मारून बघितली आणि म्हणाले, "चालतेय की चांगली. लिहा सात."

मी म्हटलं, "भाऊंनी बंद म्हणून लिहिलंय."

"भाऊंचं काय, त्यांना सगळंच बंद वाटतं. पोरं खोळंबलीत. लिहा."

मी सात लिहिलं.

खेळ सुरू झाल्यावर थोड्या वेळात एका मुलीच्या मुखवट्याच्या काचेवर वाफ धरली. तिने तो कपाळावर सरकवला, डोळे पुसायला. मैदानात असताना मुखवटा काढायचा नाही हे मीच त्यांना दोनदा सांगितलं होतं. पिंपाच्या पलीकडून तिच्याच मैत्रिणीने गोळी मारली. तिला वाटलं, मुखवटा जागेवरच आहे. डोळ्यावर लागली. अंतर कमी होतं, मैत्रिणीच्या हातात सात नंबर होती, आणि नेमकी त्याच गोळीला झडप अडकली होती.

त्या किंकाळीचं मी काही सांगत नाही.

सगळे मैदानाकडे धावले. गोताडभाऊ शेडच्या मागे बाटलीच्या काट्याकडे बघत भरत राहिले, कारण त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. मुलीला गाडीत घालून रत्नागिरीला नेलं. मग कोणीतरी भाऊंच्या पुढून पळत गेलं तेव्हा ते बाहेर आले. मैदानात माणसं होती, रक्ताचं फडकं होतं, आणि मातीत सात नंबर पडली होती. त्यांनी ती ओळखली. उचलली, बाटली सोडवली, तोंड जमिनीकडे करून दोनदा चाप ओढून आतला गॅस काढला. भरलेली बंदूक अशी टाकायची नसते, एवढंच त्यांच्या डोक्यात. पण बघणाऱ्यांनी बघितलं ते एवढंच की म्हातारा बंदूक हातात घेऊन तिच्याशी काहीतरी करतोय.

चौथ्या दिवशी मालक मुंबईहून आले. मुलीचा तो डोळा गेला, हे तोवर कळलं होतं. पोलीस ठाण्यातून एक साहेब आले होते. ऑफिसच्या खोलीला समुद्राकडे मोठी काचेची खिडकी आहे, मालकांनी हौसेने केलेली. मालक, सुर्वे आणि पोलीससाहेब त्या खिडकीकडे पाठ करून बसले. समोरच्या खुर्चीवर गोताडभाऊ. उतरतीचं ऊन समुद्रावरून थेट त्यांच्या डोळ्यांत येत होतं. त्या तिघांचे चेहरे त्यांना काळे दिसत असणार. ओठ दिसणं शक्यच नव्हतं. ते डोळे बारीक करत होते, खुर्ची थोडी सरकवत होते. मी दारात उभी होते, रजिस्टर छातीशी धरून.

"बंदुकांची दुरुस्ती तुम्ही करता?" पोलीससाहेबांनी विचारलं.

"हो."

"सात नंबर तुम्ही दुरुस्त केलीत?"

"हो."

"ती बिघडलेली आहे हे तुम्हांला ठाऊक होतं?"

"हो."

साहेबांनी ते लिहून घेतलं. "आणि तरी त्या दिवशी तुम्ही ती मुलांना दिलीत?"

गोताडभाऊंनी एकदा माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा त्यांना दिसत होता, माझ्यावर उजेड होता. मी ओठ हलवले असते तर त्यांनी वाचलं असतं. एक शब्द पुरला असता, आणि तोही मोठ्याने म्हणायची गरज नव्हती.

माझे ओठ हलले नाहीत. त्या वेळी माझ्या घरची चूल माझ्या एकटीच्या पगारावर पेटत होती हे खरं. भाऊंना शब्द दिला होता हेही खरं. आणि "लिहा सात" म्हटल्यावर लिहिणारा हात माझा होता, हे सगळ्यात खरं.

भाऊ पुन्हा समोर वळले आणि अदबीने म्हणाले, "हो."

सुर्व्यांनी उठून माझ्या हातातलं रजिस्टर घेतलं. "द्या, मी दाखवतो साहेबांना." ते त्यांनी टेबलावर बंदच ठेवलं. कागद पुढे आला, गोताडभाऊंचा चष्मा शेडमध्ये राहिला होता, साहेबांनी बोट दाखवलं तिथे त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावर ते शेडच्या पायरीवर माझ्यासाठी थांबले होते. मी समोर गेले.

"काय विचारत व्हते गं? खिडकीमुळं कायच दिसलं नाय."

मी सांगितलं. प्रश्न एकेक करून, सावकाश, ओठ नीट हलवून. शेवटचा प्रश्न कळल्यावर त्यांनी विचारलं, "मंग मी काय बोललो?"

"हो म्हणालात."

ते खाली बसले. भिंतीला पाठ टेकली. मग म्हणाले, "आता जाऊन नाय म्हनून सांगू?"

"उद्या सांगू," मी म्हटलं. "मी येते तुमच्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी गेटवर सांगून ठेवलं होतं, गोताडांना आत सोडायचं नाही. ते सकाळच्या बसने आले, गेटबाहेर उभे राहिले. वॉचमन त्यांना काहीतरी सांगत होता आणि ते मान हलवत होते. मी काउंटरवरून बघत होते. काउंटर सोडून गेले नाही. थोड्या वेळाने बघितलं तर तिथे कोणी नव्हतं.

प्रकरण पुढे आपसात मिटवलं असं कानावर आलं. पेंटबॉल बंद झाला. अकरा बंदुका एका गोणीत भरून कोपऱ्यात टाकल्या, त्या सगळ्या चालू होत्या. वर्षभराने मीही तिथून निघाले. सुर्वे अजून आहेत.

गोताडभाऊंच्या वाडीत मी गेले ते तीन वर्षांनी. पालीला एका लग्नाला गेले होते, आणि मांडवात बसल्या बसल्या वाटलं की आज नाही तर कधीच नाही. रस्त्यावर उतरून पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढत गेले. वाटेत एका बाईला घर विचारलं तर ती म्हणाली, "त्या पोरीचा डोळा फोडला त्यो गोताड?" आणि हाताने दाखवलं.

भाऊ पडवीत बसले होते. फार वाळले होते. मला बघून उठले, "बाय आली," म्हणून आत हाक मारली. वहिनी पाणी घेऊन आल्या. त्यांनीच सांगितलं, आता कोणी काम घेऊन येत नाही. पूर्वी बागांतले फवारणीचे पंप सगळ्या गावाचे इथे यायचे. "आणि आला कोन तरी इसरून, तरी ह्ये हात लावीत नायत. पक्कड बघितली तरी उठून जातात."

मी भाऊंच्या समोर बसले, तोंड उजेडाकडे करून. सगळं सांगितलं. सुर्व्यांनी फडकं कसं सोडलं, मी काय म्हटलं, ते काय म्हणाले, मी सात कसं लिहिलं, दारात मी गप्प कशी उभी राहिले. बोलताना मला रडू येत होतं आणि मी ते आवरत होते, कारण रडलं की ओठ वाकडे होतात, त्यांना वाचता आलं नसतं. ते शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होते. एक शब्द सुटला नसेल.

मग म्हणाले, "तसं नाय, बाय. ती मीच दिली."

"भाऊ, तुम्ही मागे बाटल्या भरत होतात."

"भरायच्या आधी. मला आठवतं ना. फडकं मी सोडलं. सकाळी पाच गोळ्या मारून बघितल्या, पाचही बरोबर गेल्या. म्हटलं, बसली वाटतं झडप. पोरं खोळंबली व्हती. दिली मंग."

"असं काही झालं नाही. तुम्ही स्वतः लिहिलं होतं रजिस्टरात, देऊ नये म्हणून."

"लिवलं व्हतं. म्हनून तर जास्ती वाईट. ठाऊक असून दिली." ते हे अगदी शांतपणे म्हणत होते, जुन्या गोष्टीसारखं. "तू चांगली हायस म्हनून माझं पाप तुझ्यावर घेतेस. नको घेऊ. तुला पोरंबाळं हायत."

मी वहिनींकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. तीन वर्षं त्या माणसाने रोज तो दिवस आठवला होता आणि आठवता आठवता आपल्या "हो"ला जुळेल असा करून घेतला होता. आता त्यात माझ्यासाठी जागा नव्हती. सुर्व्यांसाठीही नव्हती. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "राहू दे."

निघताना ते मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. बसची वाट बघत उभे असताना त्यांनी विचारलं, "त्या पोरीचं नाव काय गं?"

मला आश्चर्य वाटलं. त्यांना ते कोणी सांगितलंच नव्हतं.

"ग्रामदेवीला गाऱ्हानं घालायचं असतं. गुरव नाव विचारतो. नाव नसलं तर गाऱ्हानं कोनासाठी घालनार? मी सांगतो, एक पोरगी. तो म्हनतो, नाव सांग. तीन वर्सं तसंच राह्यलंय."

मी पर्समधून लग्नपत्रिकेचं पाकीट काढलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, मृण्मयी. त्यांनी ते हातात घेतलं. मी समोर उभी राहून दोनदा म्हणून दाखवलं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघत म्हणायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात बस आली.

मी खिडकीशी जागा धरली. बस सुटली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते रस्त्याच्या कडेला उन्हात उभे होते, पाकीट हात लांब करून धरलेलं, आणि ते नाव तोंडात बसवत होते. एकदा अडले, पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले.